कातड्यातलं भोक

ती शेळी माझ्या ओळखीची होती.
डाव्या कानाला चीर, हाकेला ओ देणारी,
तेफच्या राशीत तोंड घालून मार खाणारी.
लांब उपास सुटला त्या सणाला कापली तिला,
आणि महिन्याभरात तिचं कातडं
अंगणात चौकटीवर, दोऱ्यांनी ताणलेलं.

मी आतली चरबी खरवडत होते.
एका जागी सुरी फसकन आत गेली.
बोटाएवढं भोक.
अब्बा रागावले नाहीत.
"दोन ओळी इथं वळसा घालतील," एवढंच म्हणाले.

अब्बा आमच्या डोंगरावरचे लेखनिक.
बोरू त्यांचे तेच तासत.
काजळीची आणि भाजलेल्या जवाची शाई
महिनोन् महिने मुरवलेली, काळ्या शिंगात.
लाल शाईचं शिंग निराळं,
ते फक्त नावांसाठी.

अकरा वर्षांची मी. विचारलं,
हिला मी पाला घातलाय, हिचं शेण काढलंय,
हिच्या पाठीवरून देव कसा बोलेल?
ते बोरू तासत राहिले.

मग पावसाळ्यात थोरला भाऊ आला, अस्राट,
अदिस अबाबाहून, बगलेत छापील पुस्तकं.
म्हणाला, माणसांनी लिहिलं, माणसांनी निवडलं,
उतरवताना माणसांनी चुका केल्या.
तुम्हीच केल्यात अब्बा, चाकूनं खरवडताना पाहिलंय मी.

"केल्या," अब्बा म्हणाले. "या पोथीत सतरा."
मग जरा थांबून,
"तुला तुझ्या आईनं जन्म दिला.
सुईण होती, कळा होत्या, रक्त होतं.
म्हणून तुला देवानं घडवलं नाही का?"
अस्राट हसला. हे काही उत्तर नव्हे, म्हणाला.
"नव्हेच," म्हणाले अब्बा, आणि तेही हसले.

त्यांनी दोन बोरू पुढे केले, एकाच बेटातले.
एकाचं अक्षर ठसठशीत, दुसऱ्याचं किरटं.
हात तोच.
"यातला मेंढपाळ मेंढपाळासारखाच बोलतो बघ,
वैद्य वैद्यासारखा,
आणि जकातवाला नाणी मोजाव्यात तशा पिढ्या मोजतो.
त्यानं कुणाचा आवाज दाबला नाही.
श्वास तेवढा त्याचा."

अस्राट काही बोलला नाही. बाहेर पाऊस.

एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली,
पुरावा म्हणून नव्हे,
घरातलं मीठ संपलंय सांगावं तशी.
आजोबांना बांधावरून मारलं होतं शेजाऱ्यानं.
अब्बा विशीचे, बंदूक उसनी नव्हे, स्वतःची,
उजाडताच निघायचं ठरलेलं.
रात्री हातातलं पान पुरं करायला बसले.
पानावर ते दोन भाऊ होते, शेतात गेलेले,
एकच परतलेला.
अब्बांनी अक्षर लिहिलं,
आणि अक्षरानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.
म्हणाले, आजवर मी ते वाचत होतो,
त्या रात्री त्यानं मला वाचलं.
बंदूक विकून त्यांनी तीन कातडी आणली.

शेजारी म्हातारा होऊन मेला.
त्याला खांदा द्यायला अब्बा गेले होते.
आई मात्र गेली नाही.

अस्राटनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही काही.
पण पोथीला हात लावण्याआधी
तो हात धुवायचा. मी पाहिलंय.

आता मी दोरीसारखी सुकलेय.
पोथी देवळात आहे, जुनिपरच्या झाडीत.
ओल धरली की अजून तिला शेळीचा वास येतो,
पुजारी नाक मुरडतो, मला बरं वाटतं.
नात भोकात बोट घालते,
मी दटावते, ती पुन्हा घालते.
दोन ओळी तिथं खरंच वळल्यात,
दगडाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारख्या,
आणि भोकातून पलीकडच्या पानावरचं
एकच लाल नाव दिसतं.

मला वाचता येत नाही.
ते नाव कुणाचं, मी कधी विचारलं नाही.
भोक माझ्या सुरीचं,
एवढं मी शपथेवर सांगेन.
बाकी अब्बांचा शब्द.