भराव

रुळाखालची माती आमची आहे.
पदू भोईरच्या तीन खाचरांतून
उन्हाळाभर टोपल्या गेल्या,
टोपलीमागे पत्र्याचा एक बिल्ला.
संध्याकाळी बिल्ले मोजायचे, पैसे घ्यायचे.
स्वतःचंच शेत पदूने डोक्यावरून वाहिलं.

रूळ जेवढा उंच, शेत तेवढंच खोल.
खड्ड्यात खाडी शिरली, मग निवट्या, मग चिंबोऱ्या.
फलाटाच्या पाटीवर रंगाऱ्याने
गावाच्या नावाला एक काना जास्त दिला.
आता आम्हीही तसंच म्हणतो.

बांध फुटला त्या साली
सगळ्या शिवारात कोरडा एवढा भरावच.
नामीआत्येने रात्याचं बियाणं
दोन रुळांच्या मध्ये गोधडीवर वाळत घातलं.
दिव्याकडून मालगाडीची शिट्टी आली
की चार टोकं उचलायची,
शेवटचा डबा गेला की पुन्हा पसरायचं.
चौथ्या दिवशी गार्डने हात केला.
आत्येचे दोन्ही हात गुंतलेले,
तिने मान हलवली.
पुढच्या साली अख्ख्या गावाने
त्या गोधडीतलं पेरलं.

परवा खड्डा बुजवायला डंपर आले.
बिल्डिंग होणार, सात मजली.
पदू काठी टेकत गेला,
एक ढेकूळ उचलून हुंगलं.
"कंचे गावची रं ही?"
ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं.
खारी नव्हती, एवढं मात्र पदूला कळलं.
ढेकूळ खिशात घालून तो घरी आला.