फळा कोरा असताना

गेल्या खेपेला इर्मेलीला आम्ही बोलावलं
सगळं झाल्यावर.
साइट सुरू व्हायला दोन दिवस, फ्रिजमध्ये केक,
बाहेर तुर्कूची नदी गोठलेली.

ती कोट न काढताच बसली.
कानात वाचणारं यंत्र, इतक्या वेगात
की मला नुसती भुंग्याची गुणगुण.
मग आमच्यासाठी तिनं वेग कमी केला.
बटण, म्हणाला आवाज.
बटण.
बटण.
चित्र, शून्य तीन आठ, अंतिम, नवं अंतिम.
बटण.

"यातलं तिकीट काढा कुठलं?
आणि रद्द करा कुठलं?"
रागानं नाही. मासळीचा भाव विचारावा तसं.

वरातीमागून घोडं निघालं मग,
तेही खोगीर शोधत.
तीन महिने वेसा एकेक वीट उकरत होता:
एका लेबलासाठी अख्खा फॉर्म,
फॉर्मसाठी पान, पानाखाली
कुणी कधी लिहिला ठाऊक नाही असा पाया.
आणि करड्यावरची ती पांढरी अक्षरं,
मालकांची फार लाडकी.
तोवर इर्मेली बेटावरच्या घरी जायला
धक्क्यावरच्या खिडकीशी उभी राहायची,
उणे अकरात.
हे तिनं सांगितलं नाही.
खिडकीतल्या बाईनं सांगितलं, एप्रिलमध्ये.

आज नवं काम.
रंग ठरलेले नाहीत, नावसुद्धा नाही.
फळ्यावर जुन्या बैठकीचा पुसट निळा डाग तेवढा.
इर्मेली पहिल्या खुर्चीत; कोट खुंटीला.
शेजारी आर्मास, ज्याचा उजवा हात
करवतीनं नेला.
माउस तो वापरत नाही. डाव्या करंगळीनं टॅब दाबतो,
आणि आपण पानावर कुठं आहोत ते दिसेनासं झालं
की शिव्या देतो, सविस्तर.

ओस्मो अंदाजपत्रक उघडतो.
"यांच्यासाठी वेगळे किती तास धरू?"
कुणीच बोलत नाही.
"वेगळे?" आर्मास म्हणतो.
ओस्मो रकाना खोडतो,
पुन्हा आखतो, परत खोडतो.
कागद तिथं पातळ झालाय.

मी मार्कर उचलते, सवयीनं
एक चौकोन काढते, कोपरे गोल.
मग आठवतं, आणि मोठ्यानं म्हणते:
"इथं तिकीट."

"कसलं?" इर्मेली विचारते.
"कुठून कुठं? आणि चुकून दाबलं तर?"

मार्करचं टोपण माझ्या दातात.
इतक्या वर्षांत हे कुणी
चौकोन काढायच्या दिवशी विचारलं नव्हतं.