वजा

दर तीन महिन्यांनी आमचे बिल्ले टपालाने जातात.
माझा, सुधामतीचा, रात्रपाळीच्या इरफानचा,
आणि चौथा, ज्याच्यावर कुणाचंच नाव नाही.
तो हेडक्लार्क बसलिंगआप्पांच्या खणात असतो
शिक्क्याच्या पॅडशेजारी, कुलपात,
एक्स-रेच्या खोलीपासून दोन भिंती आणि एक व्हरांडा लांब.
त्यानं कधी कुणाचं हाड पाहिलेलं नाही.

यंदा अहवालाला मूळ आकड्यांचा कागद
चुकून टाचलेला आला.
चौथ्यासमोर शून्य नव्हतं.

आप्पा दचकले.
करदोट्याची किल्ली चाचपत म्हणाले,
"खण तर मी उघडा ठेवतच नाही, मॅडम.
माझ्या माघारी कोण काय करलालंय?"

कुणी नाही, आप्पा.
थोडं मातीतून येतं, थोडं भिंतीतून, थोडं टपालाच्या वाटेत.
उरलेलं वरून.
"वरून म्हंजे?"
म्हंजे एखादा तारा फुटला असेल.
"कधी?"
उदगीरचा किल्ला सोडा,
ज्वारी माणसाला ठाऊक नव्हती तेव्हा.

ते हसले नाहीत. मग मीही नाही.

फुटलेल्या ताऱ्याचा लोट पसरत जातो
आणि त्याच्या काठावर एखादा प्रोटॉन सापडतो.
अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे,
तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला फाईल हिंडावी
आणि दर फेरीत तिच्यावर एक शेरा चढावा
तसा दर फेरीत वेग चढतो,
शेकडो वर्षं,
आणि एक दिवस तो कुणाच्याच टेबलावर राहत नाही.

पुढं आकाशगंगेचं चुंबकत्व त्याला वळवतं,
पुन्हा वळवतं.
इथवर येईतो तो ज्या दिशेनं येतो
त्या दिशेला त्याचं कुणीच नसतं.

माझ्या रजिस्टरात रकाने आहेत:
नाव. वय. गाव. कोणी पाठवलं.

बालाघाटाच्या कितीतरी वर, विरळ हवेत
नायट्रोजनच्या एका अणूवर तो आदळतो, फुटतो.
तुकड्यांचे तुकडे होतात.
त्यातल्या एकाला आयुष्य असतं
सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीचं.
तेही त्याच्या स्वतःच्या घड्याळात.
आमच्या घड्याळात ते ताणलं जातं,
एवढं, की तो दवाखान्याच्या पत्र्यापर्यंत पोचतो,
पत्र्यातून खाली,
माझा शिशाचा अ‍ॅप्रन त्याला मलमल,
फरशीतून खाली, काळ्या पाषाणात.

रात्री अकराला देवर्जनची एक पोर आणली.
भागिरथी, वय नऊ, चिंचेवरून पडलेली.
मनगट प्लेटवर ठेवलं, दिवा जुळवला,
"हलू नको, श्वास रोख" म्हणून मी आडोशामागं गेले.
तिनं गाल फुगवून श्वास रोखला
आणि तेवढ्यात तिच्या तळव्यातून
एक तरी निघून गेला असेल.
सेकंदाला एक, असा हिशेब आहे.
त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

फोटो उजेडावर धरला तर तिनं विचारलं,
"दुखलालंय ते ह्याच्यात दिसतंय का?"
नाही गं. मोडलेलं दिसतं.

अहवालाची रीत सरळ आहे.
चौथ्याचा आकडा आम्हा तिघांच्या आकड्यांतून वजा करायचा.
यंत्रानं दिलेलं तेवढं आमचं,
ताऱ्यानं दिलेलं हिशेबात धरायचं नाही.
वजा केल्यावर माझ्यासमोर लिहिलं होतं:
नोंद घेण्याजोगे नाही.
सुधामतीला बरं वाटलं. मला पण, खरं तर.

सोमवारी नवे बिल्ले आले.
आप्पांनी खण झटकला,
चौथ्याच्या खाली जुन्या पावतीपुस्तकाचा पुठ्ठा घातला,
"एकटाच असतोय बिचारा," म्हणाले
आणि सवयीनं कुलूप लावलं.