पुरसीस

तहसीलसमोर, झेरॉक्सच्या दुकानामागे
दहा बाय बारा.
पाटीवरचं माझं नाव उन्हानं फिकं पडलंय,
‘अ‍ॅड.’ तेवढं ठळक आहे अजून.
पेंटरनं ते नंतर, दुसऱ्या डब्यातून काढलं होतं.

सकाळी साडेनऊ. ई-फायलिंग.
तीनशे दहा पानांची एक पीडीएफ
साठ टक्क्यांवर गोल गोल फिरते
आणि अख्ख्या सिंदेवाहीची लाईन जाते.
गुरनुले मुन्शी तंबाखू मळत म्हणतात,
“टाइपरायटर होता तवा मॅडम,
फितीची शाई तेवढी सरे.”
मी मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवते,
तिथे दोन काड्या येतात.

रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटो,
तिरपा, निम्म्या मजकुरावर पक्षकाराचा अंगठा,
खाली एकच शब्द : अर्जंट.
मुलीच्या रजेचा अर्ज परवा मी लिहिला,
शेवटी ‘येणेप्रमाणे विनंती’.
वर्गबाईंनी तिलाच विचारलं,
पुढची तारीख कोणती?

फीच्या वहीत पैशांपेक्षा ‘बाकी’ जास्त.
कोणी लाखोळीची डाळ देऊन गेलं,
कोणी कोंबडा.
तो बार रूममध्ये आरवला, साहेब डायसवर असताना.
करकाडे वकील उठून म्हणाले,
“माझी हरकत आहे.”

आणि दिवाणी दावा सत्तावीस, सन दोन हजार अकरा.
वासेऱ्याचे पत्रू निकुरे आणि हिरामण निकुरे,
मधे धुरा, धुऱ्यावर एक मोह.
चौदा वर्षं. पाच न्यायाधीश.
भूमापकानं साखळी टाकून नकाशा काढला,
खोड एका बाजूला आलं, सावली दुसऱ्या.
मुळांबद्दल नकाशा काही बोलत नाही.

मंगळवारी दोघं एकाच मोटारसायकलवर आले,
वादी पुढे, प्रतिवादी मागे.
“झाड पडलं जी मॅडम, परवाच्या वाऱ्यानं.
आता भांडाचं कायसाठी?”
लाकूड?
“घेतलं वाटून. मोजलं नाही.”

मी पुरसीस टाइप केली :
उभयतांत आपसात समेट झाला असल्याने
दावा पुढे चालविणे नाही.
दीड ओळ.
बोटं चालत होती आणि डोक्यात
पाच तारखेचं भाडं, टोनर,
ज्युनिअर प्रणोतीचे दोन महिने राहिलेले,
आणि या एका फायलीच्या
वर्षाला सात-आठ तारखा, तारखेला तीनशे.
खोटं कशाला बोलू,
आनंद झाला, पण आकडेमोडीनंतर.

दोघांनी सह्या केल्या. पत्रूचा पेन अडला,
हिरामणनं आपला दिला.
पोर्टलला निकालाचा प्रकार हवा होता.
यादीत खूप काही होतं,
‘झाड पडलं’ नव्हतं.

बाहेर हिरामण किक मारत होता.
पत्रू चपला न काढताच परत आत आला,
आवाज खाली करून म्हणाला,
“मंग ते झाड कोणाचं होतं जी?
निंगालं का कागदात?”

माझ्याकडे त्याच प्रश्नावर
चौदा पानांचा लेखी युक्तिवाद तयार होता,
टॅब लावून, निवाड्यांसकट.

“पाहून सांगते,” मी म्हटलं,
अगदी तारीख दिल्यासारखं,
आणि तो मान हलवून गेला,
अगदी तारीख घेतल्यासारखा.