पकड

विट्यात, टंच काढायच्या दुकानावर एक खोली आहे.
खालून तेजाबाचा वास येतो, वर आमचा खेळ चालतो:
चार वह्या, पेन्सिलीनं काढलेला नकाशा, खारे शेंगदाणे
आणि वीस बाजूंचा फासा,
जो हटकून कपाटाखाली जातो.

खेळ मी चालवते.
तौफिकची चोरटी, उंची जेमतेम अडीच हात,
आज पुलावरच्या राक्षसाला कवळ घालायला निघाली.
"वजन बघ की त्याचं!" इंद्रजित उसळला.
"नियमात बसतंय." मग पुस्तक, मग भांडण, मग फासा.
एकोणीस.
राक्षस जागच्या जागी. गती शून्य.

तेवढ्यात भाडं मागायला हिंदुरावकाका वर आले.
कान चुरगळलेले, गुडघा गेल्यापासून
एका वेळी एकच पायरी.
"कुस्ती व्हय? मग माती कुटं हाय?"

मी नियम वाचून दाखवला:
धरणाऱ्याचा एक हात गुंतलेला राहील.
धरलेल्याने आपला नंबर आल्यावरच सुटू बघावं.
"नंबर?" काका हसले, खोकेपर्यंत हसले.
"कुंडलला मी ढाक मारली,
तवा गडी काय नंबर लावून हुबा व्हता?"
बचावाचा आकडा चौदा, हे त्यांना पटलं नाही.
"बचाव म्हंजी मान. मातीत कुणाला मान द्यायची न्हाई.
बाकी समदं मागनं."

मी पुढची ओळ वाचली:
नुसत्या पकडीने इजा होत नाही.

काका टेकले. "परत वाच."

परत वाचली.

मग म्हणाले, थोरला भाऊ सेलमला गलाईवर होता,
तीस वर्षं. आता रात्री दोनला उठतो,
भट्टी विझवायची राहिली म्हणतो,
आणि निघतो स्टँडच्या वाटेनं, अनवाणी.
"मागनं काखंत हात घालून धरतो त्येला.
लई जोर हाय अजून.
लागू द्यायचं न्हाई आन सोडायचं बी न्हाई.
त्येला किती पडाय लागत्यात, पोरी?"

मी पानं उलटली. पुढं. मागं.
पोहण्याचा नियम होता, अंधाराचा होता,
दोरीवरून पडण्याचा होता.

तौफिकनं शेंगदाण्याची पुडी त्यांच्यापुढं सरकवली.
त्यांनी दोन उचलले, भाड्याचं विसरले,
आणि उतरले, एकेक पायरी, भिंत धरून.

राक्षसाचा नंबर होता.
फासा माझ्या मुठीत गरम झालेला.
"टाक की," इंद्रजित म्हणाला.