कर्तरी प्रयोग

दार बनवायचं होतं, फक्त दार.
भिंती नकोत, एतेरी म्हणाली, छप्परही नको,
पण कुलूप खरं हवं, आणि किल्ली फिरल्याचा आवाज
शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला पाहिजे.

कुताइसीत, बंद पडलेल्या ट्रक कारखान्याच्या हॉलमध्ये
दर गुरुवारी सातजण यायचे.
कोर्टाच्या कागदावर सही हवी म्हणून, नाटकासाठी नव्हे.
फुटक्या तावदानातून नदीवरचा वारा आत,
आणि हे अंगातले कोट न काढता बसलेले,
बस कधीही सुटेल असे.

पहिले चार गुरुवार कुणालाच काही आठवेना.
ओतारचा हात लागला होता.
झाझाचा हात सुटला होता.
नुग्झरची ताटली पडली होती,
आपली आपण, भिंतीपर्यंत जाऊन.
मी कोपऱ्यात चौकटीवर रंधा मारत ऐकत होतो.
शाळेत शिकवलं होतं, क्रियापदाला विचारा, कोण?
मग कर्ता सापडतो.
इथं विचारलं की हात पुढं यायचे, ताटली यायची.
माणूस एकाही वाक्यात नव्हता.

पाचव्या गुरुवारी एतेरीनं किल्ली स्वतःकडे घेतली.
नुग्झर, आज तू म्झिया. संध्याकाळचे सव्वासात.
मी बाहेरून येतेय.
सगळे हसले. कुणीतरी त्याच्या डोक्यावर मफलर टाकला.

किल्ली फिरली.

आणि त्यानं रेडिओ बारीक केला.
बंद नाही. बंद केला तर कळतं.
सुरी ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर तळव्यानं दाबत, आवाज न होऊ देता.
पोराचं स्टूल पायानं टेबलाखाली ढकललं.
नसलेल्या एप्रनला हात पुसले
आणि चेहऱ्यावर काहीतरी मांडलं,
हसू नव्हे, हसण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा.
मग दाराकडं पाहिलं, आधी बुटांकडं.
बूट कसे काढले जातात त्यावर पुढची रात्र.

हे सगळं हवेत. त्याच्या हाताशी एक वस्तू नव्हती.

तुला कसं माहीत, एतेरीनं चौकटीतूनच विचारलं.
बराच वेळ तो मफलरची गाठ सोडवत बसला, जी नव्हतीच.
पाहिलंय.
कधी?
रोज.

ओतार छताकडं बघू लागला.
नुग्झर म्हणाला, कुणी विचारलं नसताना,
आमचं कुलूप एका फेऱ्यात उघडतं.
मी दोनदा फिरवायचो.

मी रंधा खाली ठेवला.

मे महिन्यात नटांनी त्याचं नाटक केलं, नावं बदलून.
लोक रडले. पालिकेच्या माणसानं फुलं दिली.
मी चौकट सुटी करत होतो तेव्हा
शेवटच्या रांगेतली एक बाई पुढं आली,
राखाडी कोट, हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली.
कुलपाला बोट लावून पाहिलं.
चांगलं आहे, म्हणाली. आमचं जड होतं.

जायला वळली, थांबली.
ते स्टूल नव्हतं, म्हणाली.
त्याला तिथून तेवढंच दिसलं असेल.
टेबलाखाली मी पोराला सरकवायचे.

एतेरीला सांगायला हवं होतं, नटांना तरी.
स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन मी उभाच,
आणि ती गेली, चौकटीच्या बाजूनं,
दारातून नाही.