एक कान

सुभाषनगरात माझ्या दुकानाच्या पाटीवर
नाव बापाचं. खाली खडूनं
मीच कधीतरी लिहिलेलं : उद्या या.

सोमवारी भिजत घातलेलं कातडं
बुधवारी वाळून पापड.
परत भिजवलं. मग आठवलं, रापी बोथट झालीय.
धार लावायला म्हणून निघालो
आणि गंगावेशीत म्हशींच्या कट्ट्यावर
दुसरीच धार बघत बसलो,
पेला संपला तरी.

दत्तोबा शिपुगडे चौथ्यांदा आले.
एका पायात जुनी कापशी,
दुसऱ्यात लेकीची रबरी स्लिपर, गुलाबी.
मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले,
"जोड ऱ्हाऊ दे मर्दा.
एक कान लाव. तेवढा बघतो आन् जातो."

एक कान म्हणजे काय, पाच-सहा टाके.
त्यांचा चहा निवायच्या आत झाला.
नातवाचा धरावा तसा
त्यांनी तो चिमटीत धरला, सोडला,
आणि गेले त्याच विजोड पायांनी, फटक फटक.

खडूची अक्षरं मी पुसली नाहीत अजून.
पण वादी ओली होती,
आरी हातातच राहिली होती,
आणि एका कानाची चप्पल
काही केल्या
बघवत नव्हती.